न उतरलेली हळद

आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज आईच्या तळपायांचा असायचा. मागच्या दाराला खडबडीत काळ्या दगडाची पायरी होती. उठल्या उठल्या आई तिच्यावर उभी राहायची आणि आधी एक तळवा घासायची, मग दुसरा. मी अंथरुणात पडल्या पडल्या तो खर्र खर्र आवाज ऐकायचे. मग चूल पेटायची, पाणी ठेवलं जायचं आणि तांदळाची भाकरी थापल्याचा ओला आवाज सुरू व्हायचा. तो मधेच थांबायचा. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात एरवी मधे थांबत नाही, पीठ वाळतं. आईचा थांबायचा, कारण तिला तळहात खाजवायचा असायचा. आम्ही मुलं तिला आये म्हणायचो, लिहिताना मात्र हात आपोआप आई असंच लिहितो. शाळेने लावलेली सवय आहे, असू दे.

मी तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर होते आणि मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड होती. आईच्या खाजेतही खुपसलं. घरातल्या निम्म्या वस्तू तिने खाजवायच्या कामाला लावल्या होत्या: फणी, उलथन्याचा दांडा, नारळाची शेंडी, बाबांचा दाढीचा जुना ब्रश. पण एवढं खाजवून त्वचेवर पुरळ नाही, गांधी नाही, काही नाही. फक्त नखांचे ओरखडे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून भिंग मागून आणलं, मुंग्या बघायच्यात म्हणून सांगितलं, आणि आईचा तळहात ओट्यावर उन्हात धरून रेघ न् रेघ तपासली. आई गमतीने बघत होती. "सापडला काय काय?" "काय नाय." "मंग ठेव तो भिंग नि कांदे चिर." आमच्याच घरात राहणारी बाबांची बहीण, गोदाआत्या, तिच्याकडे मात्र दर आठवड्याला नवं कारण तयार असायचं. कधी वांगी, कधी सुकट, कधी नवा साबण, आणि काहीच सुचलं नाही तर कुणाची तरी नजर.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी अक्षतांपुरता येतो. त्याआधीची हळद, तेल, मुहूर्तमेढ, देवांना बोलावणं हे सगळं बायकांच्या गाण्यातून चालतं, आणि ते गाणं सांगणारी ती धवलारीण. कुठल्या विधीला कुठला धवला, कुणाचं नाव आधी घ्यायचं आणि कुणाचं मागून, सगळं तोंडपाठ. आईला ते तिच्या मावशीकडून आलं होतं. घरात ती हळू बोलायची, एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं तरी आधी दोनदा पदर सावरायची. पण लग्नघरात पाटासमोर बसली की तिचा आवाज असा निघायचा, की मांडवातली माणसं वळून बघायची. मला लहानपणी खरंच वाटायचं, की तिच्या आत दुसरी एक बाई राहते आणि ती फक्त लग्नसराईत बाहेर येते. सुकापूरच्या पलीकडचं आमचं गाव, पण तिला बोलावणी पार उरण-चिरनेरपासून यायची. आज त्या गावाच्या शेतांत बिल्डिंगा उभ्या आहेत आणि हळदीला डीजे असतो, तरी डीजे थांबवून अजूनही कुणातरी म्हाताऱ्या बाईला पुढे बसवतात. मी गेले की मागे उभी राहून ऐकते.

सराईत आईचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे, तोंडाला हळद लागलेली, कानशिलांवर हळद, लुगड्याच्या काठावर हळद. आमच्याकडे हळद नुसती नवऱ्याला लागत नाही. वऱ्हाडातला दिसेल तो माणूस माखून निघतो, आणि धवलारीण तर पहिली. त्या वर्षी लागोपाठ लग्नं होती. शेवटचं लग्न उरकलं, बायकांचे हात धुऊन धुऊन पूर्वीसारखे झाले, आणि आईचे झाले नाहीत. ती तांदळाच्या पिठाने घासायची, लिंबाची साल चोळायची. गोदाआत्याने तर त्या शेवटच्या लग्नघराचं शेजारणीकडे कौतुक केलं. "हलद बघ कशी असल होती. पंधरवडा झाला, उतरंना. नायतर आजकाल रंग घालतात मेले." शेजारीण तिथून हळद आणायला निघाली होती, हे मी अजूनही हसत सांगते.

मला ते पटेना. म्हणून त्या लग्नघरून आईबरोबर आलेली हळद मी डब्यातून काढली, पाण्यात कालवली आणि माझ्या डाव्या हाताला मनगटापर्यंत जाड थापली. रात्रभर ठेवली. मग रोज आई धुवायची तेव्हा तिच्या शेजारी बसून, तिच्याच साबणाने, तिच्याइतकाच वेळ माझा हात धुवायला लागले. शाळेत मुली हसल्या, लग्न ठरलं का म्हणून. आठवड्यात माझा हात स्वच्छ झाला. नखांच्या कडांना तेवढा रंग राहिला. आईचा होता तसाच, उलट गळ्यापर्यंत वर चढल्यासारखा. मी दोन्ही हात जवळजवळ ठेवून तिला दाखवले. ती म्हणाली, "तुजी कातडी कवली हाय म्हनून गेला." मी म्हटलं, "आये, डोल्यात पन हलद घातलीस काय?" आणि बाबांचा दाढीचा आरसा आणून उन्हात तिच्यासमोर धरला. तिने डोळा ताणून बघितलं. आरसा खाली ठेवला, पुन्हा उचलला. डोळ्यांचा पांढरा भाग पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखा झाला होता. इतक्या दिवसांत कुणी तिच्या डोळ्यांत नीट बघितलं नव्हतं. हळदीच्या घरून आलेली बाई पिवळी असणारच, मग बघायचं काय? ही चूक आमच्यासारख्या गावातच होऊ शकते. मला त्या दिवशी भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला आपला प्रयोग बरोबर निघाल्याचा आनंद झाला होता. भीती संध्याकाळी आली, बाबा तिच्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले तेव्हा.

कावीळ म्हटल्यावर गावाला काय करायचं ते पाठच होतं. खाडीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा म्हातारा डोक्यावर माळ घालायचा. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती माळ कपाळावर मुकुटासारखी बसते, दिवसागणिक लांबत खाली येते, गळ्यात उतरते, पार बेंबीपर्यंत पोचते, आणि ती उतरली की कावीळ उतरली. आईची माळ छान उतरली. घरातून हळदीचा डबा हद्दपार झाला, तेल गेलं, मासळी गेली. आम्ही सगळे पांढरी आमटी आणि मऊ भात खात होतो, आणि बाबा संध्याकाळी काकांकडे काहीतरी काम काढून जायचे. येताना त्यांच्या मिशांना बोंबलाचा वास असायचा. आई म्हणायची, "काम लय चवीचा होता वाटते." इकडे मी म्हाताऱ्याला काड्या तोडताना बघून ठेवलं होतं. तसल्याच काड्या आणून, तसल्याच सैल गाठी मारून एक माळ केली आणि माळ्यावरच्या भोपळ्याला घातली. काड्या सुकून बारीक झाल्या, गाठींतला दोरा सुटत गेला आणि भोपळ्याची माळही लांबून जमिनीला टेकली. गोदाआत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हातारा लबाड होता असं मी म्हणणार नाही. साधी कावीळ बहुतेकांची आपोआप उतरतेच, त्याचा उपाय तेवढ्यापुरता होता. आईची साधी नव्हती.

शेवटी बाबांनी तिला पनवेलला नेलं, आणि मी हट्टाने सोबत गेले. डॉक्टरीणबाई तिथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मऊ. त्यांनी आईला विचारलं, "दारू घेता का कधी?" आईने मान फिरवली. "विचारावं लागतं हो, गैरसमज नका करू." मग त्या म्हणाल्या, "बरं, आधी काय आलं? खाज, की पिवळेपणा?" आई आणि बाबा एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "खाज. वर्षाच्या वर झालं. आणि खाजेला पुरळ नव्हतं, मी भिंगातून बघितलंय." त्यांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. "भिंगातून? बेटा, माशाल्ला, हे आधी सांगायचं ना." त्यांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे रक्ताच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, सुई घालून लिव्हरचा कणभर तुकडा काढून झाला. सगळे कागद घेऊन आम्ही पुन्हा आमच्या डॉक्टरीणबाईंकडेच आलो, कारण मोठ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी एका कोऱ्या पाकिटावर लिव्हर काढलं आणि आत झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या. लिव्हर पित्त तयार करतं, ते या बारीक नळ्यांतून वाहत आतड्यात जातं आणि तिथे अन्नातली चरबी पचवतं. आईचं शरीरच तिच्या या बारीक नळ्यांना परकं समजून त्यांच्यावर चाल करून जात होतं. नळ्या खराब झाल्या की पित्त मागे तुंबतं, रक्तात उतरतं, त्यातून खाज, त्यातून पिवळेपणा, त्यातून तो कंटाळल्यासारखा थकवा. बाबा मिठागरात मुकादम होते; तिथे खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आतबाहेर होतं आणि पाटांतून फिरतं. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे मोठी उघाडी चांगली हाय, आतले पाट बुजले." "अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मंग उकरायचे." "उकरता येत नाहीत. पण पाणी पातळ करून वाहतं ठेवता येतं." त्यासाठीच्या गोळ्या रोज घ्यायच्या होत्या, आयुष्यभर. हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही, खाण्यापिण्याने होत नाही आणि पूर्ण बरा होत नाही. पण लवकर धरला तर बाई म्हातारी होऊ शकते. हळदही खायला हरकत नव्हती, मासळीही. बाबांचा चेहरा त्या एका वाक्याला उजळला.

खाजेसाठी एक भुकटी होती. पाण्यात विरघळायची नाही, नुसती तरंगायची, आणि पिताना वाळू प्यायल्यासारखं वाटायचं. आईने ती कोकमाच्या सरबतात घालून बघितली आणि ते जमलं. भुकटी आणि गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, भुकटी गोळ्यांना पोटात धरून ठेवते, म्हणून दोन्हींमध्ये बरंच अंतर ठेवायचं. हे अंतर सांभाळणं माझं काम झालं. काही आठवड्यांनी एका सकाळी मी जागी झाले आणि भाकरीचा आवाज एकसारखा येत होता. मी उठून चुलीपाशी गेले आणि उगाच तिच्या शेजारी बसले. पुढे मी तपासणीच्या लॅबमध्येच आयुष्य काढलं, हजारो लोकांची रक्तं बघितली. या धंद्यात का आलीस असं कुणी विचारलं, की मला ती सकाळ आठवते.

पण आजाराच्या नावाने घोटाळा केला. प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस असं ते तेव्हाचं नाव. पुढे डॉक्टरांनीच ते बदललं, कारण बहुतेक रोग्यांचं लिव्हर तेवढं कडक झालेलंच नसतं आणि सिरॉसिस म्हटलं की जग एकच गोष्ट समजतं, दारू. जगभर तसंच होतं हे मला फार उशिरा कळलं आणि फार बरं वाटलं; मला वाटलं होतं आमचंच गाव तसं. बाबांनी ते नाव पानपट्टीवर काकांना विश्वासाने सांगितलं. काकांनी आणखी कुणाला तरी विश्वासाने सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक गावात पोट फुगून मेलेला एखादा पुरुष असतो, आणि तो कशाने मेला ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पंक्तीत आता माझी आई जाऊन बसली. हळदीला बाटल्या फुटतात हे काही गुपित नाही, आणि गळा मोकळा व्हावा म्हणून एखादी धवलारीण घोटभर घेतेही. मग काय, लोकांना आईचा तो लग्नघरातला मोठा आवाज आठवला आणि त्याचं कारण सापडलं. घरात एवढी गरीब बाई मांडवात अशी कशी फुलते? घेऊनच फुलत असणार.

पुढची सराई आली आणि बोलावणं आलं नाही. शेजारच्या गावचा कर्णा वाऱ्यावरून आमच्या ओटीपर्यंत ऐकू यायचा, दुसऱ्या कुठल्या तरी बाईचे धवले. आई तांदूळ निवडता निवडता मधेच म्हणायची, "हा मागून येतो. आदी सवाशिनींचा घ्याचा असतो," आणि पुन्हा निवडायला लागायची. एकदा ती सूप खाली ठेवून तोंडाला पदर लावून रडली. मला आजाराचा इतका राग कधी आला नव्हता. खाज थांबली होती, डोळे निवळत होते, आणि तिला जे करायचं होतं तेच तिच्याकडून काढून घेतलं होतं. मी गावातल्या बायकांना डॉक्टरीणबाईंचं पाकिटावरचं चित्र दाखवायला निघाले होते. बाबांनी हाताला धरून बसवलं.

सराईच्या शेवटी शेवटी एका दुपारी शिरढोणहून बेबीबाय आली. तिच्या स्वतःच्या लग्नात आईने धवले म्हटले होते, आता तिच्या मुलाचं लग्न होतं. तिने पिशवीतून नारळ काढला, पण हातातच ठेवला. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग ती म्हणाली, "हिरीबाय, झाला त झाला. मानसाकरना चूक व्हते. घरचे आयकत नव्हते, मीच बोलले का मना तीच पायजे. तू फकस्त सांग का आता सोडलीस. मी घरी जाऊन तसा सांगते." तिच्या बोलण्यात खोट नव्हती, ती मोठ्या मनाने क्षमा करायला आली होती. गोदाआत्या तिच्या पाठीमागून आईला जोरजोराने मान हलवून दाखवत होती, हो म्हण, हो म्हण. बाबा म्हणाले, "अगो, बोलून टाक ना. काय जाते आपला?" मलाही तेच वाटत होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. सोडली म्हटलं की गाव पुन्हा बोलावणार होतं, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त मान देऊन, कारण दारू सोडलेल्या माणसाचं आमच्याकडे फार कौतुक असतं. नाही म्हटलं, तर कधीच न घेतलेली बाई खोटारडी ठरणार होती.

आईने पदर सावरला. पुन्हा एकदा सावरला. "बेबीबाय, जी कदी घेतलीच नाय, ती सोडू कशी?"

बेबीबायने नारळ पिशवीत ठेवला आणि उठली. ती अंगण ओलांडून कुंपणापर्यंत गेली. तिथे थांबली, आणि बाबांनी अजून आईला बोलायला तोंड उघडलं नव्हतं, तोच ती परत फिरली. ओटीवर चढली नाही, खालीच उभी राहिली. "मंग तुना झालाय काय?"

इतक्या महिन्यांत हे आईला कुणी विचारलंच नव्हतं. जो तो तिला सांगत होता. आईने तिला वर बोलावलं, शेजारी बसवलं आणि पहाटेच्या पायरीपासून सुरुवात केली. धवल्यात कसं, आधी काय आलं, मग काय, कुणामागून कोण, तसंच सगळं क्रमाने सांगितलं. बेबीबाय मधे मधे विचारत होती. पित्त हिरवा का पिवला? गोलीनी पाट साफ व्हते का नुसता वाहते? माझ्यासारखीच तिलाही खोड होती. ऊन कलल्यावर ती म्हणाली, "आता मना समाजला. पन एवढा लांबन मी घरी कशी सांगू? दारू सोडली बोलना सोपा हाय गो." आई म्हणाली, "तू नको सांगू. मी येऊन सांगेन." नारळ पिशवीतून पुन्हा बाहेर आला.

शिरढोणच्या त्या मांडवात हळदीच्या संध्याकाळी मी आईच्या मागेच बसले होते. नवरामुलगा उघड्या अंगाने पाटावर, समोर वाटलेली हळद, करवल्या हात पुढे करून तयार, आणि बायका आईकडे बघून पदराआड कुजबुजणाऱ्या. आईने हळदीला हात लावला नाही. "आदी माजा जरा आयका," ती म्हणाली, "मंग लावू." मांडवातला तिचा तो मोठा आवाज. तिने सगळं सांगितलं. नळ्या सांगितल्या, खाज सांगितली, गोळ्या सांगितल्या, आणि थेंबही कधी घेतला नाही तेही सांगितलं. मागून पुरुषांनी घाई केली, कुणीतरी हसलं, नवरामुलगा कंटाळून हात काखेत घालून बसला, पण धवलारणीशिवाय हळदीचं बोट कुणाला पुढे करता येत नव्हतं. काही बायकांना कळलं, काहींच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की यांचा विश्वास बसलेला नाही. बेबीबायची म्हातारी सासू मात्र पुढे सरकून कानाशी हात धरून ऐकत होती.

"मंग बरी कदी व्हशील?" तिने विचारलं.

"नाय व्हनार."

"मंग गाशील कशी?"

"अशी," आई म्हणाली, आणि तिने सूर लावला.